काचबिंदू : थेंब चालू असूनही नजर घटते तेव्हा

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तेव्हा काचबिंदूवर या गृहस्थाने का बोलावे, अशी शंका आपणास येणे साहजिक आहे. उत्तर एवढेच की, गेली नऊ वर्षे माझ्या वडिलांच्या डोळ्यांची फाइल माझ्या पिशवीत आहे. तिच्यातील पहिली पाच वर्षे आम्ही कशी घालविली, हे सांगितले तर एखाद्या घरातील दोन वर्षे तरी वाचतील, असे मला वाटते. मेळाव्यात वेळेअभावी जे राहून गेले तेही संपादकांच्या परवानगीने येथे घातले आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करतो. आपल्या घरांतून मोतीबिंदूला सफेद मोतिया म्हणतात आणि काचबिंदूला काला मोतिया. दोहोंत मोतिया आल्यामुळे दोन्ही एकाच जातीचे, असा समज होतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते; ते काढून नवे बसविले की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस, जी डोळ्यातले चित्र मेंदूकडे नेते, ती हळूहळू वाळत जाते. या नशीत दहा-बारा लाख तंतू असतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची आपली जुनी सवय काचबिंदूला लावली तर काय होईल, हे आपणच ताडावे.

नस का वाळते? डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. हे अश्रूंचे पाणी नव्हे. ते बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपते. न्हाणीघरातील नळ बारीक धारेने सतत चालू आहे आणि मोरीचे तोंड अर्धे तुंबले आहे, अशी कल्पना करा. पाणी साठते, दाब वाढतो आणि तो मागच्या नशीवर पडतो. थेंबांची औषधे दोनच कामे करतात : काही नळाची धार कमी करतात, तर काही पाणी जाण्याची वाट मोकळी करतात. लेसर आणि शस्त्रक्रिया यांचेही उद्दिष्ट हेच. नस दुरुस्त करणारे औषध आजही नाही.

माझे अब्बा एस.टी.त वाहक होते. चालत्या गाडीत, घाटातल्या वळणांवर, दांडीला हात न लावता तिकिटे देणारा माणूस. निवृत्तीनंतर ते घरातल्या घरात डाव्या खांद्याने चौकटीला धडकू लागले. आम्ही म्हणालो, वय झाले. एकसष्टाव्या वर्षी मोतीबिंदूच्या शिबिरात तपासणी झाली तेव्हा डोळ्यांचा दाब २८ निघाला आणि काचबिंदूचे नाव आमच्या घरात आले. दुखणे नाही, लाली नाही, समोरचे वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येते, आणि तरी बाजूची नजर गेलेली. हा आजार कडेकडेने खातो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि मेंदू रिकाम्या जागेत आपल्या मनाचे चित्र भरतो. तमिळनाडूत झालेल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दर दहा माणसांतील नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. तेव्हा अब्बांचे लक्षात आले नाही, यात नवल नाही. नवल पुढे आहे.

रात्री एक थेंब सुरू झाला. दाब १८ वर आला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, दर चार महिन्यांनी दाखवा. आम्ही 'ठीक आहे' ऐकले आणि 'दाखवा' विसरलो. जुनी चिठ्ठी दाखवून मी औषधाच्या दुकानातून बाटली आणत होतो. चौदा महिने तपासणीच झाली नाही. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही नसली की मी आकाशपाताळ एक करतो, हे माझे विद्यार्थी सांगतील.

चौदा महिन्यांनी फील्डची तपासणी झाली. यंत्राच्या वाडग्यात हनुवटी टेकवून, दिवा चमकला की बटन दाबावयाचे असते. डाव्या डोळ्याच्या कागदावरचा काळा भाग वाढला होता. दाब मात्र १८. अब्बांनी विचारले, "दाब नॉर्मल आहे, मग नजर कशी गेली?" हा प्रश्न काचबिंदूच्या प्रत्येक घरात कधी ना कधी विचारला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

२१ पर्यंतचा दाब सामान्य, असे म्हणतात. पण ही रेघ पुष्कळ निरोगी लोकांच्या सरासरीवरून काढलेली आहे. ती काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. एकाची नस २४ सोसते, दुसऱ्याची १६ देखील सोसत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा दाब मुळात 'नॉर्मल' असून नस वाळत होती अशा रुग्णांचा दाब आणखी ३० टक्के उतरविला, तेव्हा आजाराचा वेग मंदावला. स्वीडनमधील मालमो येथील अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली आले, दाबाचा एकेक मिलिमीटर कमी झाला की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असे दिसले. अमेरिकेतील प्रगत काचबिंदूच्या अभ्यासात (२०००) ज्यांचा दाब प्रत्येक भेटीत १८ च्या खाली राहिला, आणि ज्यांची सरासरी १२ च्या आसपास होती, त्यांची नजर बहुतांशी टिकून राहिली. यास्तव डॉक्टर प्रत्येक डोळ्यापुरता एक आकडा ठरवितात. आपण तो विचारून घ्यावा आणि फाइलीवर लिहून ठेवावा. आमच्या फाइलीवर आता तो आहे : डावा १२, उजवा १४.

आणखी एक बाब. दाब दिवसभर सारखा नसतो. रात्री आडवे झाल्यावर तो चढतो. आपण सकाळी अकरा वाजता एकदा मोजतो आणि त्या आकड्यावर चार महिने निर्धास्त राहतो. शिवाय बुबुळावरील पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखविते. अब्बांचा पडदा पातळच निघाला. तो मोजणे पाच मिनिटांचे काम होते.

आता ज्या गोष्टीची मला अधिक लाज वाटते ती सांगतो. नव्या डॉक्टरीणबाईंनी औषध बदलण्यापूर्वी अब्बांच्या हाती बाटली दिली आणि म्हणाल्या, "चाचा, माझ्यासमोर थेंब घालून दाखवा." अब्बांनी उभे राहून मान किंचित वर केली आणि बाटली दाबली. पहिला थेंब गालावर, दुसरा पापणीवर, तिसरा डोळ्यात गेला असावा. दोन वर्षे हेच चालले होते. घरी येऊन चौकशी केली तेव्हा आणखी निघाले. बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, मे महिन्याच्या उन्हात. ती महिनाभर पुरावी म्हणून मधूनमधून एक दिवसाची सुट्टी. आणि रमजानचा पूर्ण महिना बंद.

रमजानविषयी स्पष्ट लिहितो, कारण हा प्रश्न आपल्याच घरांतला आहे. डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही, असे हनफी आणि शाफई या दोन्ही मतांच्या पुष्कळ उलेमांचे म्हणणे आहे. तरीही मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावे आणि डॉक्टरांनाही. रात्री एकदाच घालावयाचा थेंब इफ्तारनंतर सहज बसतो, दोनदा घालावयाचा सहरी आणि इफ्तारला बसविता येतो. विचारावे, पण महिनाभर बंद ठेवू नये. अब्बांनी कोणालाच विचारले नव्हते. माझ्या घरात मी त्यांना विचारले नव्हते.

थेंब घालण्याची रीत अशी. आडवे व्हावे अगर खुर्चीत मान पूर्ण मागे टाकावी. खालची पापणी बोटाने ओढून तयार झालेल्या खळग्यात एकच थेंब टाकावा. एकापेक्षा अधिक डोळ्यात मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध नाकावाटे घशात उतरत नाही. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. हात थरथरत असेल तर घरातील दुसऱ्याने घालावा. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीने पत्करले. ती तेव्हा तिसरीत होती, आणि तिच्याइतकी काटेकोर परिचारिका मी पाहिली नाही.

थेंब नीट पडू लागले आणि दाब १५ वर आला. येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. पण पुढील वर्षभरात तीनदा फील्ड काढली. उजवा डोळा स्थिर, डावा घसरतच होता. एकाच वाईट कागदावर विसंबू नये, झोप झाली नसली तरी बटन चुकते. पण तीन कागद एकच सांगत असतील तर ऐकावे लागते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मुळापासून चौकशी केली. डोळा खाजतो म्हणून दुकानातून कसले थेंब घेता का? त्यांत स्टिरॉइड असते आणि त्याने दाब चढतो. (घेत होते. दुकानदाराने दिले म्हणून.) रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेता का? झोपेत रक्तदाब फार उतरला तर नशीला रक्त कमी पडते. ती वेळ त्यांच्या फिजिशियनला विचारून बदलली. दमा आहे का? आहे, म्हणून टिमोलॉलचा थेंब त्यांना वर्ज्य, कारण त्याने दमा उसळतो. हे शेवटचे मी मुद्दाम सांगतो. डोळ्याच्या डॉक्टरांना छातीचा आजार सांगावयाचा असतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

दुसरा थेंब आला, मग तिसरा. तिसऱ्यानंतर चौथ्याची भर फारशी पडत नाही आणि डोळे मात्र लाल होतात. मग लेसर झाले. पाणी जाण्याच्या जाळीवर लेसरचे सूक्ष्म ठिपके देतात. दहा मिनिटांत घरी जाता येते. इंग्लंडमधील २०१९ च्या अभ्यासात ज्यांना थेंबांच्या ऐवजी आधी हे लेसर दिले, त्यांतील सुमारे ७४ टक्क्यांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज लागली नव्हती. ते नव्या रुग्णांचे आकडे. अब्बांचा आजार पुढे गेलेला. त्यांना तीन मिलिमीटरचा फायदा झाला आणि तोही वर्षभरात ओसरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करू या. लवकर."

आणि आम्ही आठ महिने काढले. कारणे सांगतो, त्यांतले एक तरी आपल्या ओळखीचे असेल. बहिणीचे लग्न ठरले होते. मोहल्ल्यात एका वृद्धांना काचबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसेनासे झाले, ही हकीकत अम्मीला कोणीतरी सांगितली. ते ऑपरेशन नजर जवळजवळ संपल्यावर झाले होते, हे कोणी सांगितले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी दाखविले तेव्हा "आणखी एक थेंब वाढवून पाहू" असे सांगण्यात आले आणि ते आम्हाला गोड लागले. कारण ते ऐकण्यासाठीच आम्ही तेथे गेलो होतो. अब्बांचे म्हणणे वेगळेच होते. "मला दिसते आहे ना? दिसणाऱ्या डोळ्याला चाकू कशाला लावायचा?"

या प्रश्नाला त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. उत्तर असे की, दिसणाऱ्या डोळ्यालाच लावायचा. न दिसणाऱ्याला लावून काय राखायचे? आठ महिन्यांनंतरच्या फील्डमध्ये डाव्या डोळ्याची काळी छाया मध्यबिंदूला टेकली होती. तोपर्यंत त्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचता येत असे. त्यानंतर ओळीचा अर्धा भाग गळू लागला. ते आठ महिने आजाराच्या नावे टाकता येत नाहीत.

शस्त्रक्रियेचे नाव ट्रॅबेक्युलेक्टॉमी. केंब्रिजच्या डॉ. केर्न्स यांनी १९६८ साली ती मांडली आणि आजही ती चालू आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीच्या आड, एक लहानशी झडप कापून पाण्याला नवी वाट काढून देतात. पाणी वरच्या पातळ आवरणाखाली साठून एक चपटा फुगा तयार होतो आणि तेथून शोषले जाते. शरीराचा धर्म असा की, जखम दिसली की ती भरून काढावयाची. येथे ती पूर्ण भरली तर ऑपरेशन फुकट. म्हणून जखम भरू नये यासाठी मायटोमायसिन नावाचे औषध लावतात.

धोके आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दाब गरजेपेक्षा अधिक उतरू शकतो, वाट पुन्हा बुजू शकते, मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि त्या फुग्यात काही वर्षांनीही जंतूंचा शिरकाव होऊ शकतो. म्हणून ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, पू आला अगर दुखू लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, दुकान नव्हे. पण दुसरे पारडेही पाहावे. ब्रिटनमध्ये निदानाच्या वेळीच आजार फार पुढे गेलेल्या ४५३ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी थेंबांच्या गटाचा सरासरी दाब १५.१ होता, तर आधी शस्त्रक्रिया झालेल्यांचा १२.४.

ही वाट बुजली किंवा डोळ्यावर पूर्वी ऑपरेशने झालेली असली तर बारीक नळी बसवितात. नळीचे एक टोक डोळ्यात आणि दुसरे आवरणाखालच्या चकतीशी असते. परदेशी नळी महाग पडत असे. मदुराईच्या अरविंद संस्थेच्या ऑरोलॅबने स्वस्त नळी तयार केली आणि आपल्याकडील पुष्कळ डोळ्यांची सोय झाली. त्याही पुढे पाणी तयार करणारा भागच लेसरने अंशतः निकामी करण्याचा उपाय असतो, म्हणजे मोरीचा नाद सोडून नळच आवळावयाचा. अमुकच करा, असे मी सांगणार नाही. तो अधिकार मला नाही. पुढची पायरी असते, एवढेच सांगावयाचे आहे. खर्चाच्या भीतीने कोणी थांबले असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

अब्बांचे ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झाले. पहिल्या दोन महिन्यांत अकरा खेपा घातल्या. काही आठवडे धूसर दिसत होते. वाकण्याची मनाई असल्यामुळे नमाज खुर्चीवर बसून अदा केली. दाब ११ वर स्थिरावला. पट्टी सुटून महिना झाल्यावर एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारले, "ऑपरेशन चांगले झाले म्हणतात. मग डाव्या बाजूचे कधी दिसायला लागेल?"

मी फाइल सांभाळली, आकडे पाठ केले, पण हे त्यांना आधी नीट सांगितलेच नव्हते. मी म्हणालो, "अब्बा, गेले ते परत येणार नाही. आहे ते राहावे म्हणून केले." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे आधी सांगितले असतेस तर मी आठ महिने थांबलो नसतो." चाकूला घाबरणारा माणूस हे म्हणाला. त्यांना वाटत होते, मोतीबिंदूसारखे आहे; केव्हाही केले तरी नजर परत मिळणारच, मग घाई कशाला?

गेल्या चार वर्षांत डाव्या डोळ्याची फील्ड हललेली नाही. उजवा दोन थेंबांवर आहे. अब्बा आता डावीकडे मान वळवून पाहावयास शिकले आहेत, आणि रस्ता ओलांडताना नात डाव्या बाजूला चालते.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात फिरतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो होण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. म्हणून आम्ही चौघे भावंडे तपासून आलो. तिघे स्वच्छ निघाले. माझा दाब १९ आहे आणि उजव्या नशीवर संशय आहे. औषध नाही, दर सहा महिन्यांनी फील्ड. पुढची तारीख जूनमध्ये आहे, शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात.

माझ्या मुलीने थेंबांसाठी एक तक्ता आखला आहे. वार, वेळ, कोणता डोळा, आणि घातल्यावर करावयाची खूण. खाली दोन रकाने आहेत : 'डॉक्टरांनी ठरविलेला दाब' आणि 'पुढील तपासणीची तारीख'. त्याच्या कोऱ्या प्रती शाळेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी कामकाजाच्या दिवशी लिपिकांकडून घ्याव्यात. पैसे नाहीत.